तिघींची बेरीज: बालेवाडीतल्या सांघिक रायफल स्पर्धेचा अनुभव

गेल्या महिन्यात पुण्यातल्या बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर आम्ही तिघी १० मीटर एअर रायफलच्या सांघिक स्पर्धेत उतरलो. गट मास्टर्स महिला, म्हणजे वयाची पंचेचाळिशी ओलांडलेल्यांचा. रायफल कशी धरायची, श्वास कसा सोडायचा यावर व्हिडिओ ढिगाने आहेत. पण संघाची नोंदणी कशी करतात, कागद कुठले लागतात, एकीचं जॅकेट तपासणीत अडलं तर काय करायचं, आणि लेनवर (नेम धरायला प्रत्येकीला नेमून दिलेल्या जागेवर) एकटीने उभं राहून संघासाठी खेळायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मराठीत मला कुठे वाचायला मिळालं नाही. म्हणून डोक्यात ताजं आहे तोवर सगळं क्रमाने लिहून ठेवतेय.

आधी सांघिक प्रकार काय असतो ते. कबड्डी-खोखो बघत वाढलेल्या आपल्यासारख्यांना वाटतं की संघ म्हणजे एकत्र मैदानात उतरणार, एकमेकींना हाका मारणार. इथे तसं काही नाही. संघात तिघी, प्रत्येकीचे ६० शॉट आणि तिन्ही स्कोअरची बेरीज. त्यासाठी वेगळं खेळावं लागत नाही. तुमची वैयक्तिक मॅच तीच संघाची मॅच. तिन्ही नावं आधी लेखी द्यावी लागतात, मॅच सुरू झाल्यावर बदल नाही. तिघी एकाच वेळी लेनवर असतील असंही नाही. आमच्या तिघींचे डिटेल वेगवेगळे होते. (डिटेल म्हणजे एका वेळी लेनवर उभी राहणारी तुकडी. रेंजवर हा शब्द सतत कानावर पडतो.)

ही बेरीज किती वरपर्यंत जाऊ शकते याची कल्पना यावी म्हणून एक आकडा. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील, दिव्यांश सिंग पनवार आणि ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर या तिघांनी १८९३.७ गुण करून विश्वविक्रमासह सुवर्णपदक घेतलं. १८० शॉटची ती सरासरी १०.५ च्या वर जाते. टार्गेटवरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पेलेट, म्हणजे एअर रायफलचा छर्रा, साडेचार मिलिमीटरचं. पेलेटची कड ठिपक्याला नुसती टेकली की १०.०, पेलेट बरोबर मधोमध बसलं की १०.९. दशांशाची एकेक पायरी पाव मिलिमीटरची. एका शॉटला जास्तीत जास्त १०.९, साठांना ६५४. हे गणित एकदा डोक्यात बसलं की पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

आमची सुरुवात २०२४ च्या ऑगस्टमधली म्हणता येईल. १ ऑगस्टला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून नेम मारायचा प्रकार) कांस्यपदक जिंकलं. १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राला मिळालेलं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढच्या आठवड्यापासून आमच्या क्लबात शाळकरी मुलांची रांग लागली. फार आनंदाची गोष्ट होती, पण संध्याकाळच्या लेन मिळेनात. मग आम्हा मोठ्यांना सकाळी सातची बॅच दिली गेली आणि तिथे आम्ही तिघी नियमित भेटायला लागलो. एक दातांच्या डॉक्टर, त्यांना सगळे डॉक्टरच म्हणतात. दुसऱ्या महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, आमच्या ताई. तिसरी मी, बँकेत नोकरी करणारी. डॉक्टर कॉलेजात असताना एनसीसीत रायफल चालवून आलेल्या. ताई आणि मी दोघीही आधी ओपन साइटवर (नेम धरायची साधी उघडी खाच) शिकलो आणि नंतर पीप साइटवर (डोळ्यापाशी बारीक भोक आणि नळीच्या टोकाला रिंग) आलो.

जानेवारी २०२५ मध्ये आमचे प्रशिक्षक, म्हणजे सर, म्हणाले, "तुम्ही तिघी मास्टर्सचा संघ का टाकत नाही? वैयक्तिकला तर उतरताच आहात." मी लगेच म्हटलं, "सर, माझे पाचशे साठ होतायत. माझ्यामुळे यांची बेरीज खाली जाईल." त्यावर सरांनी जे सांगितलं, त्याच्याभोवती आमचं पुढचं सगळं वर्ष फिरलं. "डॉक्टरांचे पाचशे नव्वदच्या वर होतात. त्यात पाच गुण वाढायला वर्ष जाईल. तुमच्यात दहा वाढायला तीन-चार महिने पुरतील. बेरजेला काय, गुण कुणाकडून आले ते थोडंच कळतं?"

हे मला मनापासून पटलं आणि आजही पटतं. नेमबाजीच्या संघात सगळ्यांचं लक्ष पहिल्या नंबरच्या खेळाडूकडे असतं. संघाची जागा मात्र बहुतेक वेळा तिसऱ्या नंबरचा खेळाडू ठरवतो, कारण वाढायला वाव त्याच्याकडेच असतो. तुमचा स्कोअर मध्यम असेल आणि म्हणून तुम्ही संघात नाव द्यायला बिचकत असाल, तर माझं म्हणणं आहे की नाव द्याच.

मग कागदपत्रं सुरू झाली आणि यात आमचे फेब्रुवारी ते मे गेले. अधिकृत स्पर्धांसाठी राष्ट्रीय रायफल संघटनेचा शूटर आयडी लागतो. ही संघटना १९५१ ची, आणि पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळणकर. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही होते. आपल्या राज्याची संघटना म्हणजे महाराष्ट्र रायफल असोसिएशन, वरळीची. क्लबचं सभासदत्व असलं की आयडीचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. अडलं ते नावावर.

माझ्या जन्माच्या दाखल्यावर नावच नव्हतं, नुसतं 'मुलगी' एवढंच होतं. आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणींचं हेच असणार. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. क्लबातून सांगण्यात आलं की वयोगट ठरवायचा तर जन्मतारखेचा पुरावा आणि नावबदलाचा पुरावा एकमेकांशी जुळला पाहिजे. मी शाळेचा दाखला, विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि आधार असं तिन्ही एका पीडीएफमध्ये जोडलं आणि ते चाललं. ताईंचं लग्न १९८६ सालचं, नोंदणी कधी केलेलीच नाही. त्यांनी मार्चमध्ये क्षेत्रीय कार्यालयात जाऊन रीतसर नोंदणी केली. लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, तीन साक्षीदार आणि सोबत काका, म्हणजे ताईंचे यजमान. काका तिथल्या बाकावर बसून म्हणाले, "एकोणचाळीस वर्षांनी सरकारला कळवतोय." प्रमाणपत्र हातात यायला तीनेक आठवडे लागले. एक सांगते, हे काम स्पर्धेचा फॉर्म आल्यावर काढू नका. आज हातात वेळ असेल तर आजच करा, पासपोर्टपासून पेन्शनपर्यंत सगळीकडे उपयोगी पडतं. आणि इंग्रजी स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच आहे ना ते बघा. डॉक्टरांच्या आडनावात एका ठिकाणी एक जादा अक्षर होतं, त्यापायी आधार दुरुस्तीचे दोन आठवडे गेले.

परवान्याबद्दल घरचे सगळे विचारतात, म्हणून तेही लिहिते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे २० जूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, आणि स्पर्धेच्या .१७७ च्या (साडेचार मिलिमीटर पेलेटच्या) रायफली त्या मर्यादेच्या बऱ्याच खाली असतात. .२२ च्या, ५० मीटरच्या रायफलचं प्रकरण वेगळं, तिला परवाना हवाच. तरीसुद्धा रायफल घेऊन बाहेर पडताना केसला कुलूप, सोबत खरेदीची पावती, क्लबचं पत्र आणि स्पर्धेचं वेळापत्रक एवढं मी कायम ठेवते. एकदा रिक्षावाल्या दादांनी "मॅडम, यात काय गिटार आहे का?" विचारलं, तेव्हा पत्र दाखवून सरळ सांगितलं. मग बालेवाडीपर्यंत ते त्यांच्या मुलीला कुठे शिकवता येईल तेच विचारत होते.

खर्चाचं स्पष्ट बोलायला हवं, कारण याच मुद्द्यावर बरेच जण माघारी फिरतात. नवी परदेशी मॅच रायफल लाखांच्या घरात जाते. आमच्यात स्वतःची रायफल फक्त डॉक्टरांची. ताई आणि मी क्लबची एकच रायफल आलटून पालटून वापरतो. जॅकेट आणि पँट भारतीय बनावटीचं, मापाने शिवून घेतलेलं, मला जोडी बावीस हजारांना पडली. बूट साडेआठ हजार, ग्लोव्ह अडीच हजार. मॅचच्या पेलेटचा ५०० चा डबा साधारण दोन हजारांना येतो. सरावाला स्वस्तातली पेलेट आणि शेवटचे दोन महिने मॅचची, असं आम्ही ठरवलं होतं. क्लबची फी महिना साडेचार हजार. रायफल दोघींत एक असेल तर स्पर्धेचा फॉर्म भरताना तसं लिहून कळवा, म्हणजे दोघींना एकाच डिटेलमध्ये टाकत नाहीत. आम्ही कळवलं होतं. आणि चीक पीस (गालाचा टेकू), बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग), साइटचे क्लिक (नेम सरकवायच्या चकतीचे टप्पे) हे सगळं प्रत्येकीने आपापल्या वहीत आकड्यांनी लिहून ठेवा. मी माझ्या सेटिंगच्या जागी नेलपॉलिशचा बारीक ठिपका दिला होता, ताईंचा रंग वेगळा. रायफल हातात आल्यावर पाच मिनिटांत आपली होते.

जूनपासून शनिवारी सकाळी तिघींचा एकत्र सराव. सरांची एक पद्धत होती, शॉट कुठे लागला ते दाखवणारे लेनवरचे मॉनिटर झाकून ठेवायचे. प्रत्येकीने दहा शॉट मारायचे, शॉट सुटल्यावर तो कुठे गेला असेल ते स्वतः वहीत लिहायचं, आणि शेवटी तिघींची फक्त बेरीज सांगितली जायची, कुणाचे किती ते नाही. सुरुवातीला मला हे फार जड गेलं. स्क्रीनकडे बघायची इतकी सवय झालेली असते की डोळा सुटलेल्या शॉटवर थांबतच नाही, लगेच खाली आकड्याकडे पळतो, आणि फॉलो थ्रू (शॉट सुटल्यावरही क्षणभर तसंच स्थिर राहणं) तिथेच संपतो. मॉनिटर झाकल्यावर डोळा साइटमध्ये राहायला लागला. जुलैअखेर मी 'उजवीकडे खाली, नऊच्या आसपास' असं लिहायची आणि ते बहुतेक वेळा तसंच निघायचं. ज्या क्लबात इलेक्ट्रॉनिक टार्गेट आहेत तिथे हा सराव नक्की करून बघा, त्याला एक रुपयाही लागत नाही.

दुसरं म्हणजे, डॉक्टरांनी त्यांची मंगळवारची लेन मला दिली. क्लबात मंगळवारी सकाळी गर्दी कमी, हॉल शांत, सरांना वेळ असतो. त्या म्हणाल्या, "मी दवाखान्यात जायच्या आधी घरी भिंतीसमोर ड्राय करीन. तुम्ही लेन घ्या." ड्राय म्हणजे पेलेट न घालता सगळी क्रिया करायची. जो आठवडाभर रोज पहाटे उठून रिकाम्या भिंतीसमोर अर्धा-पाऊण तास साडेपाच किलोपर्यंतचं वजन पेलून उभा राहील, त्यालाच कळेल की त्यांनी काय दिलं. संघ म्हणून आम्ही जे काही होतो ते अशा गोष्टींत होतो.

ऑगस्टच्या अखेरीस स्पर्धेचं पत्रक आलं. खुली आंतरक्लब स्पर्धा, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, बालेवाडीला. वैयक्तिक शुल्क १,२०० रुपये, संघाचे वेगळे ९००, म्हणजे प्रत्येकी ३००. संघाचा फॉर्म वैयक्तिक फॉर्मपेक्षा वेगळा असतो आणि तो खेळाडूने नव्हे, क्लबने भरायचा असतो, सही-शिक्क्यासह. पुष्कळ जणांचं इथेच राहून जातं. तिघांनी वैयक्तिक एंट्री केली म्हणजे संघ आपोआप धरला जाईल असं वाटतं. तसं होत नाही. आम्ही पैसे भरल्याच्या पावतीचा स्क्रीनशॉट, फॉर्मची प्रत आणि आलेली ईमेल असं एका फोल्डरमध्ये ठेवलं. पुढे एंट्रीची यादी लागली तेव्हा त्यात आमचा संघ नव्हता. क्लबातून फोन केला, पावती पाठवली, दुसऱ्या दिवशी सुधारित यादीत नाव आलं. यादी लागली की त्याच दिवशी डोळ्यांखालून घाला, हरकत घ्यायला मुदत फार कमी असते.

त्याच काळात सरांनी क्लबमध्येच सगळ्यांची सामान-तपासणी घेतली आणि ताईंचं जॅकेट अडलं. नियम असा की बटणं लावल्यावर जॅकेट अंगाला आवळलेलं नको. नेहमीच्या बटणाच्या जागेपासून ते पुढे किमान ७० मिलिमीटर आणखी ओढून घेता आलं पाहिजे. ताईंचं जेमतेम पन्नास येत होतं. कापडाची जाडी एका थराला २.५ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, आणि ताठपणाही यंत्राने मोजतात. ताठ जॅकेट म्हणजे पाठीला फुकटचा आधार, म्हणून हे सगळं. जाडी आणि ताठपणा ठीक होता, बटणांचंच काम होतं. मंडईजवळ बॅगा दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांच्याकडे ताई आणि मी जॅकेट घेऊन गेलो. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, शिवणीवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हे कॅनव्हास आणि हे चामडं, दोन्हीला एकच सुई चालणार नाही." जुनी बटणं काढली आणि जॅकेट सैल बसेल अशी सरकवून, आतल्या बाजूने चामड्याची छोटी पट्टी न लावता नुसत्या दुहेरी टाक्यात बसवली. (पट्टी लावली असती तर तिथे जाडी वाढली असती, हे त्यांना आम्ही सांगितलं होतं.) दीडशे रुपये घेतले. पुन्हा मोजलं तर ७० च्या वर. हे स्पर्धेच्या दिवशी कळलं असतं तर ताई खेळूच शकल्या नसत्या, आणि तिसरा स्कोअर नाही म्हणजे संघही नाही. तेव्हा क्लबमध्ये तपासणीची साधनं नसतील तर ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडे आधी एकदा मोजून घ्या. आणखी एक, एसीच्या गारव्यात कॅनव्हास आणि चामडं जास्त ताठ होतं. गाडीतल्या एसीतून आणलेलं जॅकेट थेट यंत्रावर ठेवू नका, थोडा वेळ बाहेरच्या हवेत मोकळं होऊ द्या.

रायफलच्या हवेच्या सिलिंडरवर त्याची तारीख कोरलेली असते. ती उलटलेली नाही ना, ही जबाबदारी खेळाडूची. क्लबची रायफल असली तरी आपण बघायची.

स्पर्धेला पहिल्या दिवशी दुपारी ताई, दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि दुपारी डॉक्टर, असे डिटेल लागले. कोथरूडहून चांदणी चौकातून बायपासने मी पावणेआठलाच पोचले, रिपोर्टिंग नऊला होतं. बालेवाडीचं हे क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं, आणि २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धाही इथेच झाल्या. आवार इतकं मोठं आहे की फाटकापासून रेंजपर्यंत रायफलची केस, किटबॅग आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन चालायचं म्हणजे मॅचआधीच खांदे भरून येतात. सोबत कुणीतरी असू द्या. माझ्यासोबत ताई होत्या. त्यांची मॅच आदल्या दिवशीच संपली होती, तरी सकाळी साडेसातला त्या माझ्याआधी फाटकाशी हजर. त्यांचे ५८२.४ झाले होते. मी आदल्या रात्री त्यांना फोन करून स्कोअर विचारला नव्हता, त्यांनीही सांगितला नव्हता. हे आमचं आधी ठरलं होतं. माझी मॅच संपेपर्यंत दुसऱ्या कुणाचा आकडा मला सांगायचा नाही.

तपासणी वीसेक मिनिटांत झाली, बिब नंबर (पाठीवर लावायचा क्रमांक) मिळाला. फोन बंद करून ताईंकडे दिला. लेनवर सामान मांडलं, रायफलमध्ये सेफ्टी फ्लॅग (ती रिकामी आहे हे दाखवणारी रंगीत दोरी). मग घोषणा, प्रिपरेशन आणि सायटिंगची १५ मिनिटं. यात हवे तितके सायटर, म्हणजे गुणांत न धरले जाणारे शॉट, मारता येतात. सरांनी सांगून ठेवलं होतं की पहिली पाच मिनिटं पेलेटला हातच लावायचा नाही, नुसती पोझिशन लावायची. पाय ठेवायचे, डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, डोळे उघडून बघायचं की रायफल आपोआप कुठे रोखली गेलीय. बाजूला गेली असेल तर हाताने ढकलायची नाही, पाऊल सरकवायचं. माझी डावीकडे जात होती. उजवी टाच अगदी थोडी फिरवली आणि काळं वर्तुळ समोरच्या रिंगमध्ये येऊन बसलं.

मॅचची ७५ मिनिटं, ६० शॉट. म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट. २०१७ पर्यंत महिलांना ४० च शॉट असत, आता पुरुषांइतकेच साठ. आणि साठ शॉट हा खरंच पायांचा आणि डोक्याचा खेळ आहे. ऑक्टोबरचं ऊन बाहेर तापलं होतं, जॅकेटच्या आत पाठ भिजली होती. पहिल्या दोन सिरीज (दहा शॉटची एक सिरीज) ९४.१ आणि ९५.८. माझ्यासाठी चांगल्या.

तिसऱ्या सिरीजमध्ये ८.४ आला. ट्रिगरचा पहिला दाब घेतला होता, डाव्या पंज्यात नाडीचे ठोके जाणवत होते, रिंगमधली पांढरी कड खालच्या बाजूला अंमळ जाड दिसत होती आणि त्या क्षणी बोट चाललं. शॉट खाली गेला हे मला आकडा यायच्या आधी कळलं होतं. एरवीच्या वैयक्तिक मॅचमध्ये अशा शॉटनंतर माझं मन लगेच पुढचा हिशोब मांडतं, आता सिरीज गेली, आता पाचशे सत्तर नाही होणार. त्या दिवशी तसं झालं नाही. डोक्यात एवढंच आलं की हे ८.४ बेरजेत जमा झाले, वजा काहीच झालेलं नाही. पुढच्या शॉटला पुन्हा १०.९ मोकळे आहेत. रायफल स्टँडवर ठेवली, पाणी प्यायले, मागे वळून पाहिलं. सर खुर्चीत बसले होते. मॅचमध्ये त्यांना बोलायची मुभा नाही. त्यांनी फक्त स्वतःचे खांदे सैल सोडून दाखवले. मी सोडले. पुढचा शॉट दोनदा उचलून दोनदा खाली घेतला, कारण होल्ड, म्हणजे रायफलची स्थिरता, नीट वाटत नव्हता. तिसऱ्यांदा उचलला तो १०.२.

उचललेली रायफल शॉट न मारता खाली घेणं ही या खेळातली सर्वांत अवघड गोष्ट आहे असं माझं मत झालंय. सात-आठ सेकंदांत शॉट गेला नाही तर डोळा फसायला लागतो, नजरेला सगळं ठीक दिसतं आणि हात मात्र थकलेला असतो. संघासाठी खेळताना मला हे सोपं गेलं. तो शॉट एकटीचा नव्हता.

ती सिरीज ९३.६ झाली. मग ९६.४, ९५.२, आणि दहा मिनिटं उरल्याची घोषणा झाली तेव्हा माझे सहा शॉट बाकी होते. घाई नव्हती. शेवटची सिरीज ९६.७, एकूण ५७१.८. सरावात मी पाचशे सत्तर क्वचित ओलांडले होते. जॅकेट उतरवायला ताईंनी मदत केली, बोटं बटणांवर चालत नव्हती. नवख्यांसाठी सांगते, मॅचनंतर लगेच सामान भरू नका. मॅचनंतरही कुणाची तपासणी निघू शकते आणि त्यात नापास झालं तर स्कोअर रद्द होतो. कपडे-बूट तसेच ठेवून अधिकारी सोडेपर्यंत थांबा.

दुपारी डॉक्टरांची मॅच आम्ही मागे प्रेक्षकांच्या बाकांवरून पाहिली. त्यांना आमचे दोघींचे आकडे माहीत नव्हते, विचारलेही नाहीत. ५९६.१. तिघींचे मिळून १७५०.३. आमच्या गटात सात संघ होते, आम्ही चौथ्या आलो. तिसऱ्या संघाचे १७५२.१ होते.

१.८ गुणांचा फरक. ताईंनी तिथेच बाकावर पेन काढून १.८ ला १८० ने भागलं. दर शॉटमागे ०.०१ गुण, म्हणजे टार्गेटवर मिलिमीटरचा चाळिसावा भाग. आम्ही तिघीही थोडा वेळ त्या कागदाकडे बघत राहिलो. वाईट वाटलं, लपवत नाही. डॉक्टर म्हणाल्या, "माझ्या दुसऱ्या सिरीजमध्ये दोन शॉट मी खाली घ्यायला हवे होते." ताई म्हणाल्या, "माझ्या शेवटच्या सिरीजला पाय थरथरत होते, रोज जिना चढायला लागते आता." मी माझा ८.४ काढला. तिघींनाही तो फरक आपल्याकडे होता असं वाटत होतं, आणि मला वाटतं संघ नीट जुळल्याची याहून चांगली खूण नाही.

निकालपत्रक हॉलबाहेर लागतं, त्याचा फोटो काढून घ्या. त्यावर संघाच्या बेरजेत चूक असेल तर ठरावीक वेळेतच लेखी हरकत घेता येते. आम्ही तिघींचे आकडे दोनदा मिळवून पाहिले, बरोबर होते. प्रमाणपत्रं तीन आठवड्यांनी ईमेलने आली, वैयक्तिक वेगळी आणि सांघिक वेगळं. ती आयडीच्या फोल्डरमध्ये ठेवलीत.

त्यानंतर सरावात आम्ही दोन बदल केले. शनिवारी आता पूर्ण साठ शॉट ७५ मिनिटांत, मध्ये न बसता. आणि वहीत स्कोअरच्या शेजारी एक नवा रकाना, किती वेळा उचलून खाली घेतला. ताई खरंच जिना चढतात, चौथ्या मजल्यावर राहतात आणि लिफ्टला हात लावत नाहीत.

क्लबात आता दुसरा मास्टर्स महिला संघ होऊ घातलाय. दोघी तयार आहेत, तिसरी हवी आहे. बाणेर-बालेवाडी भागात शनिवारी सकाळी सातला येता आलं पाहिजे आणि वयाची पंचेचाळीस वर्षं पूर्ण हवीत. ओपन साइटवर शिकलेली असली तरी चालेल, स्कोअर किती ते कुणी विचारणार नाही. फक्त जन्मतारखेचा आणि नावाचा पुरावा आधी जुळवून ठेवा.